आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं: यातले खरे धोके कोणते?

ऋता_ना
नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची. दोन्ही गुडघे पार गेलेत. जिना सोडाच, देवघरातून स्वयंपाकघरात जायचं तरी भिंत धरून जाते. इथल्या (नाशिक) सर्जननी एक्स-रे बघून गुडघे बदलायला सांगितले, तारीख ठरली, आणि रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्यांनीच ऑपरेशन पुढे ढकललं. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९.४, हिमोग्लोबिन १०.१, बीपी आहे, वजन जास्त आहे आणि मिश्री लावते. "तीन महिन्यांनी या. साखर आठच्या खाली आणा, मिश्री बंद." एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक.

आता घरात दोन पक्ष पडलेत. मामा म्हणतो, पुण्यात एका ठिकाणी पुढच्याच आठवड्यात दोन्ही गुडघे एकदम करून देतायत, पॅकेज आहे, आणि साखर काय, इन्सुलिनने दोन दिवसांत उतरते. आई मामाच्या बाजूने, कारण दुखतंय तिचं. इंटरनेटवर पाहिलं तर वय, वजन, बीपी, साखर, सगळंच धोक्याचं. मग ऑपरेशन होतं तरी कोणाचं? यातलं खरोखर थांबण्यासारखं काय आणि नुसतं घाबरवणारं काय, हे अनुभवींनी सांगावं.

खवचट_खान्देशी
रुमाल टाकून ठेवतो. मिश्री सोडवायचा उपाय मिळाला तर आमच्या आजीसाठी पण कळवा. आजोबा गेले, दात गेले, मिश्री आहे.

गणपतराव कराडकर
ताई, एवढं मनावर घेऊ नका. माझ्या सासऱ्यांची साखर अडीचशे होती, बिडी रोजची. गुडघा बदलला, चौथ्या दिवशी वॉकर घेऊन चालले. आज शेतात जातात. डॉक्टर लोक स्वतःची कातडी वाचवायला पुढे ढकलतात. रिझल्ट बिघडला तर नाव त्यांचं खराब होतं ना.

मीनल_ठाणे
कराडकर काका, सासरेबुवा चालतायत याचा आनंद आहे. पण ज्यांचं बिघडलं त्यांचे जावई इथे लिहायला येत नाहीत, ते ड्रेसिंगला घेऊन जाण्यात असतात. माझ्या काकूंच्या गुडघ्यात जंतुसंसर्ग झाला. बसवलेला सांधा काढला, त्या जागी अँटिबायोटिक घातलेला सिमेंटचा ठोकळा ठेवला, कित्येक आठवडे सलाइनमधून औषधं, मग पुन्हा ऑपरेशन. काकूंची साखरही अशीच होती. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची होती असं मला वाटत नाही.

भूलवाला
व्यवसायाने भूलतज्ज्ञ. तुमच्या आईंना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे हा सल्ला नाही, फक्त आम्ही विचार कसा करतो ते सांगतो.

पहिली गोष्ट, सगळे धोके एका रांगेत बसवू नका. वय तुम्ही बदलू शकत नाही. बीपी गोळीवर ताब्यात असेल तर त्यासाठी ऑपरेशन थांबत नाही. अडुसष्ट हे वय गुडघ्यासाठी तर अगदी नेहमीचं आहे. बदलता येतील अशा तीन गोष्टी सर्जननी बरोबर हेरल्यात: साखर, रक्त, तंबाखू. पुढे ढकलण्यात अर्थ असतो तो एवढ्याचसाठी.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कातडीखाली स्नायूची गादी नाही. जखम भरायला लागणारं रक्त तिथे मुळातच बेताचं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे होतं तेही कमी. साखर चढलेली असेल तर जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. आणि आत धातू व प्लास्टिक बसवलेलं असतं. त्यावर जंतू एकदा थर धरून बसले की औषध पोचत नाही. मीनलताईंच्या काकूंचा सांधा काढावा लागला तो त्यामुळेच. गुडघा बदलल्यावर असा खोल संसर्ग साधारण शंभरात एक-दोघांना होतो. ऐकायला कमी वाटतं, पण ज्याला होतो त्याचं वर्ष जातं. म्हणून हा एकदोनाचा आकडा वर नेणारी प्रत्येक गोष्ट सर्जनला खुपते.

मामांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इन्सुलिनने दोन दिवसांत साखर उतरते आणि ऑपरेशनच्या आसपास ती साधारण १८० च्या आत ठेवतात, त्याचा उपयोगही होतो. एचबीए१सी मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब. आठ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. कोणी साडेसात म्हणतं, कोणी आठ. काही पेशंट कितीही केलं तरी साडेआठच्या खाली येत नाहीत, त्यांना जन्मभर दुखत ठेवणंही बरोबर नाही. पण ९.४ म्हणजे अजून हात-पाय मारायला जागा आहे.

एक छोटी गोष्ट: लोह कमी असेल तर एचबीए१सी खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. हिमोग्लोबिन १०.१ आहे तेव्हा ते कशाने कमी झालंय हे आधी शोधा. लोह कमी निघालं तर कुठून जातंय तेही बघावं लागतं. ऑपरेशनमध्ये रक्त जाणारच, सुरुवातच दहावर असेल तर रक्त चढवायची वेळ येण्याची शक्यता वाढते.

पॉपकॉर्न
डॉक्टर, दंडवत. वाचनखूण साठवली.

गणपतराव कराडकर
पण डॉक्टर, मिश्री आणि बिडी एकच का? धूर तर नाही मिश्रीत. आमच्याकडं निम्म्या बायका लावतात, काय बी होत नाही.

भूलवाला
धूर नाही, म्हणून फुप्फुसाचा त्रास बिडीइतका नाही, हे खरं. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात. जखमेला फरक पडतो तो त्याने.

अभ्यासाचं म्हणाल तर डेन्मार्कमधला, २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला प्रसिद्ध आहे. खुबा किंवा गुडघा बदलायला आलेले १२० धूम्रपान करणारे घेतले. अर्ध्यांना सहा ते आठ आठवडे आधीपासून सिगारेट सोडायला नीट मदत केली, उरलेल्यांना नेहमीसारखं ठेवलं. नंतर काही ना काही गुंतागुंत झाली ती सोडवलेल्या गटात १८ टक्के, दुसऱ्यात ५२ टक्के. नुसत्या जखमेच्या तक्रारी धरल्या तर ५ विरुद्ध ३१. अभ्यास लहान आहे आणि सिगारेटचा आहे, मिश्रीचा नाही, हेही सांगतो. पण शून्य खर्चात एवढा फरक पाडणारं दुसरं औषध माझ्या पेटीत नाही.

आणि गुटखा-सुपारीवाले वाचत असतील तर: तुमचं तोंड किती उघडतं ते आरशात बघा. तीन बोटं उभी आत जात नसतील तर घशात नळी घालताना आमची खरी परीक्षा असते. भूल देण्याआधी हे आपणहून सांगा. आम्ही विचारतो तेव्हा "कधीतरी खातो" म्हणतात, आणि तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही.

लीड्सकर
इकडे यूकेत ऑपरेशनआधी वेगळ्या क्लिनिकमध्ये बोलावतात. नर्सच सगळं विचारते. न थांबता दोन जिने चढता येतात का, रात्री घोरता का, घोरताना श्वास अडकतो असं घरचे म्हणतात का, कोणाला भुलेचा त्रास झालाय का. माझ्या हर्नियाच्या वेळी मला वाटलं होतं की घोरण्याचा आणि हर्नियाचा काय संबंध. नंतर कळलं, झोपेत श्वास अडकणाऱ्याला भुलेनंतर आणि तीव्र वेदनाशामकांनंतर जास्त वेळ नजरेखाली ठेवावं लागतं.

पण या धाग्यावर एक उलटी बाजू मांडतो. साताऱ्याला माझी आत्या पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिचीही साखर वाढलेली. नातेवाइकांनी "आधी साखर आणू" म्हणत दिवस काढायला सुरुवात केली. तिथल्या डॉक्टरांनी सुनावलं की हे हाड थांबत नाही. शक्यतो दोन दिवसांच्या आत करायचं, नाहीतर पडून राहिल्याने न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या. तेव्हा ठरवून करायचं ऑपरेशन आणि गळ्याशी आलेलं ऑपरेशन यांचे नियम वेगळे. ऋताताईंच्या आईचं पहिल्या प्रकारातलं आहे, म्हणून थांबायची चैन परवडते.

मीनल_ठाणे
@लीड्सकर, आत्या आता कशा आहेत?

लीड्सकर
बऱ्या आहेत. ऑपरेशननंतर दोन रात्री भ्रमात होत्या. मेलेल्या नवऱ्याला चहा द्या म्हणत होत्या, सलाइन उपटलं. वहिनीला वाटलं डोक्यात रक्त गेलं. म्हाताऱ्या माणसांत हे बरंच दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. चष्मा आणि कानाचं मशीन परत लावलं, ओळखीचं माणूस रात्री शेजारी बसवलं, खिडकीचा पडदा उघडा ठेवला, त्यानंतर निवळलं. आपल्याकडे ऑपरेशनला नेताना दागिन्यांबरोबर चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीत जातं आणि पिशवी घरी जाते. तसं करू नका.

इतिहासप्रेमी
अवांतर: पुण्याचा विषय निघालाच आहे तर. १२ जानेवारी १९२४ ला ससूनमध्ये गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. येरवड्यात कैदेत होते तेव्हा. कर्नल मॅडॉक सर्जन. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरं केलं. नंतर तब्येत भरून यायला बराच वेळ लागला, ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, म्हणजे तेव्हा जखम चिघळली तर देव आणि स्वच्छता. त्या मानाने आज आपण पॅकेजच्या गोष्टी करतोय.

खवचट_खान्देशी
गांधीजी मिश्री लावत नव्हते ही गोष्ट लक्षात घ्यावी.

सिस्टर_सुनंदा
ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. डॉक्टर मोठं सांगतात, मी बारीक सांगते.

आदल्या रात्री घरी ब्लेडने पाय साफ करून येऊ नका. बायका फार करतात, लाज वाटते म्हणून. ब्लेडने न दिसणाऱ्या चिरा पडतात, त्यात जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर आम्ही मशीनने कापतो, तेही ऑपरेशनच्या जवळ. दातात किड असेल, पायाला भेग पडून पू असेल, पायाच्या बोटांत चिखल्या असतील, ते आधी बरं करून या. एकदा टेबलवर घ्यायच्या वेळी बोटांमध्ये चिखली दिसली म्हणून केस परत पाठवली होती. नातेवाईक भांडले.

आणि उपास. "रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही" हे आता जुनं झालं. साध्या पेशंटला हलकं जेवण सहा तास आधीपर्यंत आणि पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण ते तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारूनच. दुपारी नंबर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला रात्रीपासून कोरडं ठेवलं की बीपी पडतो.

अभय_न्यूजर्सी
साखरेच्या गोळ्यांचा विषय आलाच आहे तर. वडील डापाग्लिफ्लोझिन घेतात. इकडे ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करायला लावली. या जातीच्या गोळ्यांनी (एम्पाग्लिफ्लोझिन पण त्यातलीच) उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढू शकतं आणि गंमत म्हणजे तेव्हा साखर मोजली तर फार वाढलेली दिसत नाही, त्यामुळे लक्षात येत नाही. भारतात ही गोळी आता स्वस्त झाल्याने खूप जण घेतात. आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी पण सांगावं, त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

भूलवाला
अभय, बरोबर. फक्त कोणी इथे वाचून आपापल्या गोळ्या बंद करू नका. डब्यासकट सगळी औषधं घेऊन या, आम्ही बघून सांगतो. "पांढरी गोल गोळी" एवढ्यावर काम भागत नाही.

आणि डब्यात त्या पुड्याही आणा. गुडघेदुखीवर गावोगाव मिळणाऱ्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार होत असेल तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याचा संशय घ्यायचा. असं मिसळलेलं सापडलेलं आहे. त्याने साखर चढते, जखम भरत नाही, आणि बरेच दिवस घेऊन अचानक थांबवलं तर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, ऑपरेशनच्या ताणात बीपी कोसळू शकतो.

ऋता_ना
सगळ्यांचे आभार. एवढं कोणी समोर बसून सांगितलं नव्हतं.

पुडीचं वाचून आईला विचारलं. आधी नाही म्हणाली. मग गादीखालून डबी निघाली. शेजारच्या काकू सप्तशृंगीला जातात तेव्हा कुणाकडून तरी आणतात म्हणे. वर्षभर तरी चालू असावी. आता बंद करू का लगेच?

दुसरं, मामा म्हणतोय की तीन महिने थांबायचंच असेल तर गुडघ्यात इंजेक्शन घेऊन टाकू, तोवर दुखणं थांबेल.

आणि औषधांची यादी करताना लक्षात आलं, ती क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन पण घेते. गणपतीनंतर छातीत दुखलं होतं, ॲटॅक होता, तेव्हा स्टेंट टाकलाय. आता ती एकदम बरी आहे म्हणून वर लिहिलं नव्हतं.

मीनल_ठाणे
अगं बाई. हे पहिल्या ओळीत हवं होतं.

भूलवाला
ऋताताई, मग सगळा धागा पुन्हा पहिल्यापासून. साखर, मिश्री, रक्त हे सगळं खरं, पण आता ते दुसऱ्या नंबरवर.

स्टेंट नवा असतो तेव्हा त्याच्या जाळीवर अजून आतलं अस्तर नीट आलेलं नसतं. त्या काळात गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या देतात. गुडघ्याच्या ऑपरेशनला पाठीत इंजेक्शन देऊन भूल द्यायची तर क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर मणक्याजवळ रक्त साठून पाय लुळे पडायचा धोका. आणि थांबवली तर स्टेंट बंद पडायचा धोका, त्यात ऑपरेशनने रक्त आणखी गोठायला बघतं. ॲटॅकनंतर टाकलेला स्टेंट असेल तर ठरवून करायच्या ऑपरेशनला शक्यतो वर्षभर थांबतात. काही वेळा हृदयरोगतज्ज्ञ सहा महिन्यांनंतर परवानगी देतात. गणपतीनंतर म्हणजे अजून सहा महिनेही झालेले नाहीत. हा निर्णय ऑर्थोपेडिक सर्जन, हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ या तिघांनी मिळून घ्यायचा. नाशिकच्या सर्जनना स्टेंटचं माहीत आहे का? आणि मामांनी पुण्यात सांगितलंय का?

दोन्ही गुडघे एकाच वेळी करायला हरकत नसलेले पेशंट असतात, तब्येतीने धडधाकट. त्यात रक्त जास्त जातं, हृदयावर ताण जास्त. ताज्या ॲटॅकवाल्या, हिमोग्लोबिन दहावाल्या माणसासाठी ते नाही, असं मला वाटतं.

इंजेक्शन: गुडघ्यात स्टिरॉइड दिल्यावर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर संसर्गाचा धोका वाढतो. साखरही काही दिवस चढते. शस्त्रक्रिया वर्षभर लांबणार असेल तर वेगळा विचार करता येईल, पण डॉक्टरांना दोन्ही तारखा माहीत हव्यात.

पुडी: अचानक बंद करू नका आणि चालूही ठेवायची नाही, असं दोन्ही म्हणतोय म्हणून गोंधळू नका. उद्याच ती डबी घेऊन फिजिशियनकडे जा. ते हळूहळू कमी करायचं वेळापत्रक देतील. तोवर उलट्या, चक्कर, फार गळल्यासारखं झालं तर सरळ कॅज्युअल्टी. ९.४ साखरेतला काही वाटा या डबीचाही असू शकतो.

गणपतराव कराडकर
स्टेंटचं मला बी माहीत नव्हतं. मग थांबा ताई. मी माझा शब्द मागं घेत नाही सासऱ्यांबद्दल, पण त्यांच्या छातीत काय नव्हतं.

ऋता_ना
मामाला फोन केला. पुण्यात फक्त एक्स-रे व्हॉट्सॲप केला होता, बाकी काही विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. इथल्या सर्जनच्या केसपेपरवर "स्टेंट ५ महिने" असं लिहिलेलं आहे, मीच आत्ता पाहिलं. त्यांनी तोंडी फक्त साखर आणि मिश्री सांगितली.

मीनल_ठाणे
बोलायला वेळ नसतो हाच आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका, कोणत्याच यादीत नसलेला. पुढच्या वेळी प्रश्न कागदावर लिहून ने आणि उत्तर मिळाल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस.

फिजिओ_पल्लवी
उशिरा आले. थांबायचं ठरलंच असेल तर काळ वाया घालवू नका. हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं की बसल्या बसल्या पाय सरळ उचलून धरायचा व्यायाम, मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करून सोडायचा व्यायाम, दोन्ही वेळा. श्वास रोखून करायचे नाहीत. ऑपरेशननंतर उठवताना हाच स्नायू कामी येतो. खुर्चीवर बसून हात वापरून करायचे व्यायामही असतात, साखरेला मदत. जेवणात प्रथिनं बघा. वजन जास्त म्हणजे पोषण चांगलं असं नाही. भात-वरणावर राहणाऱ्या जाड पेशंटचं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी निघालेलं मी पाहिलंय, आणि जखम त्यांचीही भरत नाही. उंच कमोड आणि काठी आत्ताच घ्या, पडून खुबा मोडला तर लीड्सकरांनी लिहिलेल्या रांगेत जाल.

ऋता_ना
पल्लवी, धन्यवाद. सोमवारी हृदयवाल्यांची वेळ मिळाली आहे, डबी आणि सगळ्या गोळ्या पिशवीत भरल्यात. आईने मिश्री सोडायला एक अट घातली आहे: मामानेही तंबाखू सोडायची. मामा कालपासून फोन उचलत नाहीये.

खवचट_खान्देशी
मामाचं तोंड किती बोटं उघडतं ते बघून घ्या. बोलण्यावरून तरी चार वाटतात.

नवा_सभासद_७१
नमस्कार, इथेच विचारतो. पित्ताशयात खडे आहेत, दुर्बिणीने काढायचं म्हणतात. मला दमा आहे, पंप चालू आहे. ऑपरेशनच्या दिवशी पंप घ्यायचा का?

भूलवाला
घ्यायचा आणि बरोबर आणायचाही. बाकी सविस्तर वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.